आत्ता कुठं समजून राहिलं!

पाऊस राहिला.

पाऊस येऊन राहिला.

पहिलं वाक्य म्हणजे पाऊस थांबला, चला, निघा. दुसरं म्हणजे पाऊस आत्ता, या घटकेला पडतो आहे, बाहेर पडू नका. क्रियापद दोन्हीकडे राहणे, रूपसुद्धा तेच, राहिला. मध्ये एवढंसं ‘येऊन’ आलं आणि थांबलेला पाऊस पुन्हा सुरू झाला! आमच्या बुलढाणा जिल्ह्यात ही दोन्ही वाक्यं एकाच ओसरीवर, एकाच माणसाच्या तोंडून, एकाच दुपारी ऐकायला मिळतात आणि ऐकणाऱ्याचा कधीही गोंधळ होत नाही. मी याच बोलीत जन्मले, वाढले, भांडले, रडले. आणि तरीही हे क्रियापद मी खऱ्या अर्थानं पहिल्यांदा पाहिलं ते अलीकडे, आणि मला ते दाखवलं लिथुआनियानं. होय, युरोपात बाल्टिक समुद्राच्या काठी असलेल्या लिथुआनियानं!

माझी भाची तिकडे कौनास नावाच्या शहरात शिकायला गेली आहे. खामगावात वाढलेली पोरगी. एके दिवशी तिचा फोन आला, “मावशी, मी लिथुआनियन शिकून राहिली. आज एक क्रियापद शिकलो आम्ही, लिक्ती. त्याचा अर्थ राहणे. पण कायच्या काय ठिकाणी वापरतात वं हे लोक त्याले! आपल्या राहणेसारखंच.” एवढं बोलून ती जेवायला गेली आणि मी त्या रात्री झोपले नाही.

लिक्ती. राहणे, उरणे, मागे राहणे. वर्तमानकाळात ‘लिएका’ म्हणजे राहतो, राहते, राहतात. तिसऱ्या पुरुषात एकवचन-अनेकवचनाला एकच रूप. भूतकाळात ‘लिको’, म्हणजे राहिलं. ‘दोन दिवस राहिले’ म्हणायला लिको. ‘माझ्याकडे एकच दिवस राहिला’ म्हणायला ‘मान लिको’, आणि हे ‘मान’ म्हणजे शब्दशः मला, आमच्या भाषेत मले! बँकेच्या खात्यात जी शिल्लक राहते ती लिकुतिस. मेलेला माणूस मागे जे ठेवून जातो तो वारसा म्हणजे पालिकिमस. आणि माणसाच्या वाट्याला जे येतं, जे त्याच्यासाठी राखून राहिलेलं असतं, ते नशीब म्हणजे लिकिमस. शिल्लक, वारसा आणि नशीब, तिन्ही एका राहण्यातून निघाली!

निरोपाचा शब्दही तोच. घरून निघणारा माणूस मागे राहणाऱ्याला म्हणतो, ‘लिक स्वेइकस’, बाई असेल तर ‘लिक स्वेइका’. धडधाकट राहा, बरी राहा. आमच्याकडे सासरी निघालेली लेक दारातून वळून आईला काय म्हणते? “बरी राहाजो माय.” जाणाऱ्यानं राहणाऱ्याला ‘राहा’ म्हणायचं, ही रीत कौनासमध्येही आहे आणि खामगावातही.

मोजणीतही लिक्ती आहे, आणि इथं तर मी टाळ्याच वाजवल्या. लिथुआनियनमध्ये अकरा म्हणजे व्येनुओलिका, बारा म्हणजे द्वीलिका, तेरा म्हणजे त्रीलिका, असं करत एकोणीसपर्यंत, देवीन्योलिका. हे ‘लिका’ म्हणजे राहिले. दहा मोजून झाले, एक राहिला, म्हणून अकरा. दहा मोजले, दोन राहिले, बारा. इंग्रजीतले इलेव्हन आणि ट्वेल्व्ह याच घडणीचे आहेत, फक्त इंग्रजी तिथंच थांबली आणि लिथुआनियन एकोणीसपर्यंत चालत गेली. आम्ही मात्र एकोणीस मोजताना दुसऱ्या टोकाला उभे राहतो, एक कमी वीस, एकोन. तिकडे दहावर नऊ राहिले, इकडे विसाला एक कमी पडला. दोघांचाही हिशेब चोख.

पण थांबा, खरी गोष्ट पुढं आहे.

लिथुआनियन आणि संस्कृत यांचं नातं भाषेच्या अभ्यासकांना दोनशे वर्षांपासून माहीत आहे. अग्नी तिकडे उग्निस, धूर म्हणजे दूमस, आपला धूम. मुलगा सूनुस, संस्कृतातला सूनु. मेंढी अविस, संस्कृतातही अवि. देव द्येवस, दात दांतिस. स्वप्न म्हणजे सापनस! आमच्याकडची म्हातारी माणसं अजून ‘सपन’ म्हणतात, ‘रात्री सपन पडलं’, तेव्हा त्यांच्या तोंडचा शब्द पुण्याच्या स्वप्नापेक्षा कौनासच्या शब्दाला जास्त जवळचा वाटतो. मग लिक्तीचा संस्कृतातला भाऊ कोण? तो सापडला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. जुन्या ल चा संस्कृतात पुष्कळ ठिकाणी र झाला. त्यामुळे लिथुआनियन ‘लिक्’ संस्कृतात ‘रिच्’ होतो. रिच् म्हणजे मोकळं करणं, सोडणं. त्याच्यापासून रिक्त, अतिरिक्त. प्राकृतातून घासून आलेला आपला ‘रिता’ हाही तोच. रिता हंडा, रिती ओंजळ. ग्रीकमध्ये लेइपो म्हणजे मी सोडतो, लॅटिनमध्ये लिंकुओ म्हणजेही मी सोडतो.

म्हणजे मुळात अर्थ होता ‘सोडणे’. ग्रीकांनी तो तसाच ठेवला. आपण सोडलेल्या जागेकडे पाहिलं, ती रिकामी दिसली, आणि शब्द झाला रिक्त, रिता. लिथुआनियन माणसानं सोडून दिल्यावर जे मागे उरलं त्याच्याकडे पाहिलं, आणि शब्द झाला राहणे. एकच धातू. एकानं निघून गेलेलं पाहिलं, एकानं मागे राहिलेलं. आणि संस्कृतात एक शब्द असा आहे की त्यात ही लिथुआनियन नजर जशीच्या तशी आहे, रिक्थ. धर्मशास्त्रात रिक्थ म्हणजे मागे ठेवलेली मालमत्ता, वारसा. तिकडे पालिकिमस, इकडे रिक्थ. हजारो मैल आणि हजारो वर्षांचं अंतर, मधे कुणाचा कुणाला निरोप नाही, आणि दोन्हीकडचे वारस एकाच धातूनं हक्क सांगतात.

आता आपलं राहणे. ते कुठून आलं? मला वाटायचं, राहणे हा इतका साधा, घरगुती शब्द, त्याला कसला आलाय इतिहास. प्राकृतात ‘रहइ’ म्हणजे राहतो. आणि संस्कृतात रह् धातूचा अर्थ आहे सोडणे, टाकून जाणे, वेगळं होणे! रहित याच धातूचा. विरह याच धातूचा. रहस् म्हणजे एकांत, जिथं सगळे सोडून गेलेत ती जागा, आणि त्या एकांतात जे बोलायचं ते रहस्य. अभ्यासक राहणे हे क्रियापद याच रह् शी जोडतात. म्हणजे इथंही सोडण्यातून राहणं जन्माला आलं. धातू वेगळा, देश वेगळा, काळ वेगळा, पण अर्थानं चाललेली वाट तंतोतंत तीच: ज्याला सोडून बाकीचे गेले तो राहिला. विरह आणि राहणे सख्खी भावंडं आहेत हे मला कुणी लहानपणी का सांगितलं नाही!

हे कळल्यावर मी राहणे जिथं जिथं भेटेल तिथं तिथं त्याला थांबवून बघू लागले. आणि अहो, काय काय निघालं! ‘सांगायचं राहिलं’, म्हणजे झालं नाही. ‘हातचा एक राहिला’, म्हणजे उरला. ‘राहू दे’, म्हणजे नको. ‘राहा जरा’, म्हणजे थांब. ‘राहून राहून वाटतं’, म्हणजे पुन्हा पुन्हा. ‘पाय राहिले’, म्हणजे पायांतलं बळ गेलं. शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला पायी जाणाऱ्या बायकांकडून हे मी दरवर्षी ऐकते, ‘चालून चालून पाय राहिले माय’. पाय जागेवरच आहेत, चालायचे तेवढे थांबले. आणि सगळ्यांत मोठं आश्चर्य: बाईला ‘दिवस गेले’ आणि बाईला ‘दिवस राहिले’, दोन्हीचा अर्थ एकच! जाणे आणि राहणे, एकमेकांच्या पाठीला पाठ लावून उभी असलेली ही दोन क्रियापदं, पोटातल्या जिवाची बातमी द्यायला एकाच दारात येतात.

एवढं सगळं तर साऱ्या महाराष्ट्राचं. आमच्या वऱ्हाडानं त्याच्या पुढं काय केलं ते आता सांगते, कारण त्याच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे.

पुण्या-मुंबईचा माणूस ‘तो जेवून राहिला’ हे ऐकतो तेव्हा त्याला वाटतं, पाहुणा जेवला आणि मग मुक्कामाला राहिला. बरोबरच आहे त्याचं. ‘ऊन’ लागलं की आधीचं काम संपलं, असा मराठीचा नियम. जेवून गेला, येऊन बसला, पाहून आला. पण आमच्याकडे ‘तो जेवून राहिला’ म्हणजे तो पाटावर बसलेला आहे, घास हातात आहे, ताटात अजून वरण आहे. ‘बस येऊन राहिली’ म्हणजे बस अजून वाटेत आहे. ‘लेकरू रडून राहिलं’ म्हणजे आत्ता रडतंय, जा, घे त्याला. संपल्याची खूण सांगणारं ‘ऊन’ आणि भूतकाळाचं रूप ‘राहिला’, या दोन संपलेल्या गोष्टी एकत्र आल्या आणि त्यातून चालू वर्तमानकाळ उभा राहिला!

असं कसं झालं? मी यावर खूप विचार केला आणि मला उत्तर सापडलं ते आमच्या रोजच्या भुकेत. ‘मला भूक लागली.’ हा भूतकाळ आहे ना? पण भूक आत्ताची आहे. ‘मी दमले’, ‘झोप आली’, ‘तहान लागली’. मराठीत एखादी अवस्था येऊन ठेपली की आपण तिचं येणं भूतकाळात सांगतो आणि तिचं असणं वर्तमानात धरतो. राहिला तसंच. माणूस कामात शिरला आणि त्या कामात राहिला. शिरणं झालेलं आहे, राहणं चालू आहे. ‘मी स्वयंपाक करून राहिली’ म्हणणारी बाई स्वयंपाकात शिरलेली आहे आणि तिथंच आहे, बाहेर आलेली नाही. आणि बी तर प्रमाण मराठीतही पडलेलं होतंच! बसून राहणे, पडून राहणे, लपून राहणे, टिकून राहणे, धरून राहणे. यात ‘ऊन’नं सांगितलेली अवस्था संपत नाही, तिच्यातच माणूस राहतो. पुण्यानं हे बसणं, पडणं, लपणं अशा मोजक्या क्रियापदांपुरतं ठेवलं. वऱ्हाडानं खाणं, पिणं, पेरणं, हसणं, मरणं, सगळ्यांना दार उघडून दिलं.

आणि मग ते इतकं मोकळं झालं की स्वतःलाही जोडलं गेलं. ‘पोरगा सध्या अकोल्याले राहून राहिला.’ राहून राहिला! पहिल्या राहण्यात घर आहे, भाडं आहे, खोली आहे. दुसऱ्या राहण्यात यातलं काहीच उरलेलं नाही, त्यात आहे नुसती वेळ. भाषेचे अभ्यासक याला व्याकरणीकरण म्हणतात, म्हणजे भरल्या अर्थाचा शब्द हळूहळू आपला अर्थ सोडत जातो आणि काळ सांगायच्या कामाला लागतो. स्पॅनिशमध्ये असंच घडलं. लॅटिनमधलं ‘स्तारे’ म्हणजे उभं राहणं, आपल्या ‘स्था’चा भाऊ, तिकडे जाऊन ‘एस्तार’ झालं आणि आता ‘मी जेवतोय’ सांगायला स्पॅनिश माणसाला तेच लागतं. त्यांनी उभं राहणं घेतलं, आम्ही नुसतं राहणं.

व्याकरणाचं आणखी एक नाजूक काम त्यात आहे. ‘मी भाकर खाल्ली’ म्हटलं तर क्रियापद भाकरीच्या मागं जातं. पण ‘मी भाकर खाऊन राहिलो’ म्हणताच ते खाणाऱ्याकडे परत येतं, कारण राहणाऱ्याला कर्म नसतं, तो नुसता राहतो. आणि बाई बोलत असेल तर ‘राहिली’. पुण्याची बाई ‘मी गेले, मी आले’ म्हणते, आमची बाई ‘मी गेली, मी आली, मी जाऊन राहिली’. होऊन गेलेलं असेल तर ‘खाऊन राहिलो होतो’. अंदाज असेल तर ‘खाऊन राहिला असन’. नकार असेल तर ‘येऊनच नाही राहिला’. एका क्रियापदावर आख्खी काळांची घरं बांधलेली आहेत, आणि एकही भिंत वाकडी नाही.

मग मी नकाशा घेऊन बसले. बुलढाणा जिल्हा अजिंठ्याच्या डोंगररांगेनं दोन भागांत विभागला आहे. वर घाटावरचा भाग, बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगावराजा, सिंदखेडराजा. खाली पूर्णेच्या खोऱ्यात घाटाखालचा, मलकापूर, नांदुरा, मोताळा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. राजूर घाट उतरलं की हवा बदलते, पीक बदलतं आणि कान उघडे असले तर बोलीही बदलते. पश्चिमेला मलकापूरच्या पलीकडे खानदेश लागतो, तिथं अहिराणीत ‘काय करी राह्यना?’ म्हणतात. तिथूनही पुढं गुजरातीत ‘करी रह्यो छे’. दक्षिण-पश्चिमेला संभाजीनगर-नाशिकच्या पट्ट्यात ‘काय करू राहिला?’ उत्तरेला बऱ्हाणपूर, आणि तिथली हिंदी ‘क्या कर रहा है?’ हिंदीतलं ते ‘कर’ही मुळात ‘करून’च! करून, करू, करी, कर. शेपूट बदलत जातं, राहणं तेच राहतं. गुजरातपासून उत्तर हिंदुस्थानापर्यंत हा एकच पट्टा पसरला आहे आणि आमचा जिल्हाही त्यातच बसला आहे.

पण दक्षिणेला मराठवाड्यात आत शिरा, परभणी, नांदेड, लातूर. तिथं राहणं संपतं आणि ‘लागणं’ सुरू होतं. ‘काय करायलास?’ ‘जायलोय.’ हे मूळचं ‘लागणे’च, बोलून बोलून झिजलेलं. आणि पुस्तकातल्या मराठीनं तिसरंच क्रियापद निवडलं, असणे. ‘करतो आहे’, त्याचं ‘करतोय’. राहणे, लागणे, असणे. आत्ता चाललेल्या क्षणाला धरायला मराठीनं तीन वेगवेगळ्या क्रियापदांचे हात पुढं केले! आमच्या जिल्ह्यातल्या पोरांच्या कानांवर हे तिन्ही पडतात: घरी राहणे, शाळेच्या पुस्तकात असणे, आणि पाहुण्यांकडून किंवा मजुरीला आलेल्या माणसांकडून लागणे. एवढी श्रीमंती असलेल्या पोराच्या वहीत ‘खेळून राहिलो’ला लाल रेघ पडते तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. प्रमाणभाषा शिकवावीच, जरूर शिकवावी. पण त्या रेघेच्या शेजारी ‘हे वऱ्हाडीत बरोबर आहे’ एवढं लिहायला कितीशी शाई लागते?

शाळेनं रेघ मारली तरी अभ्यासकांनी मात्र दखल घेतली. भाषाशास्त्रज्ञ ग्रियर्सननं आपल्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ साली मराठीला दिला आणि त्यात वऱ्हाडीला तिची जागा दिली. आपल्या काळात डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेनं मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण हाती घेतलं, सोनल कुलकर्णी-जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली गावोगावच्या माणसांचं बोलणं ध्वनिमुद्रित झालं. साहित्यात तर हे राहणं केव्हापासून घुमतंय. उद्धव शेळक्यांची ‘धग’ १९६० ची, गो. नी. दांडेकरांची ‘पूर्णामायची लेकरं’, आमच्या खामगावकडच्या पुरुषोत्तम बोरकरांची ‘मेड इन इंडिया’. या कादंबऱ्या मी पूर्वी गोष्टीसाठी वाचल्या होत्या. आता पुन्हा काढल्या आहेत आणि हातात पेन्सिल घेऊन राहिली-राहिलं-राहिले हुडकत बसते. घरातले म्हणतात, ही काय करून राहिली?

आणखी एक, जे मला सगळ्यात उशिरा दिसलं कारण ते सगळ्यात जवळ होतं. ‘रविवारी सुट्टी राह्यते.’ ‘तिथं लय गर्दी राह्यते.’ ‘गावरान आंबे गोड राह्यतात.’ पुस्तकी मराठी इथं ‘असते’, ‘असतात’ म्हणेल. आम्ही नेहमीच्या असण्यालाही राहणंच लावतो. सुट्टी एका रविवारी आली आणि गेली असं नव्हे, ती रविवारात राहते, तिचं घरच तिथं आहे. असणे हे फार जुनं क्रियापद आहे, संस्कृतात अस्मि, जुन्या लिथुआनियनमध्ये ‘एस्मि’, या कुळातल्या कितीतरी भाषांचा पाया. त्या म्हाताऱ्या असण्याच्या अंगणात आमचं राहणं येऊन वस्तीला बसलं आहे.

लिथुआनियाकडे पुन्हा वळते, कारण तिथल्या एका गोष्टीनं मला फार बळ दिलं. त्या भाषेचं मोल जगाला कळलं ते कसं? १८५२ साली ऑगस्ट श्लायखर नावाचा, प्रागच्या विद्यापीठात शिकवणारा जर्मन पंडित प्रशियाच्या हद्दीतल्या लिथुआनियन खेड्यांत जाऊन राहिला. जुनी पोथी शोधायला तो गेला नव्हता. शेतकऱ्यांचं बोलणं ऐकायला गेला होता. त्यांची गाणी, म्हणी, कोडी टिपली आणि १८५६ मध्ये व्याकरण छापलं. त्या शेतकऱ्यांच्या बोलीत संस्कृताइतकी जुनी रूपं जिवंत सापडली. पुढं १८६४ पासून १९०४ पर्यंत, लिथुआनियावर राज्य करणाऱ्या रशियन झारच्या सरकारनं रोमन लिपीतल्या लिथुआनियन छपाईवर बंदी घातली. तेव्हा सीमेपलीकडे प्रशियात पुस्तकं छापून, पोत्यांत, गाडीच्या गवताखाली लपवून लोक ती गावागावांत पोचवत राहिले. पकडले गेले की तुरुंग, हद्दपारी. तरी भाषा राहिली. अशा टिकून राहण्यालाही त्यांच्याकडे लिक्तीचाच शब्द आहे, इश्लिक्ती. आणि तो देश आहे केवढा? २०२१ च्या जनगणनेत साधारण अठ्ठावीस लाख माणसं. २०११ च्या जनगणनेत आमच्या एकट्या बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार होती. जवळपास आमच्या जिल्ह्याएवढी माणसं, आणि त्यांच्या क्रियापदांवर जगभरच्या विद्यापीठांत ग्रंथ लिहिले जातात!

हे सगळं मी भाचीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “मावशी, थांब, मले लिहून घेऊ दे.” दुसऱ्या दिवशी तिनं तिच्या लिथुआनियन मैत्रिणींना ‘येऊन राहिली’ शिकवलं. त्या आता वसतिगृहात एकमेकींना ओरडून सांगतात म्हणे, येऊन राहिली, येऊन राहिली! आणि त्यांनी भाचीला विचारलं की तुमच्याकडे वारसा, शिल्लक आणि नशीब या तिन्हींसाठी एक शब्द का नाही. मी यावर अजून विचार करते आहे. वारशाला रिक्थ होतं. शिल्लक ‘राहते’च. नशिबाचं राहणं शोधायचं राहिलं आहे.

आणि माझ्या जिल्ह्यातच अजून एक दार उघडायचं आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद तालुक्यात, निहाली बोलणारी माणसं राहतात, दोन-अडीच हजारांच्या आसपास. ग्रियर्सननं ती भाषा मुंडा कुळाजवळ ठेवली होती. १९६२ मध्ये काइपर या डच पंडितानं तिच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. आशा मुंडले यांनी तिचे शब्द गोळा केले, ते १९९६ मध्ये छापून आले. तेव्हा डेक्कन कॉलेजमध्ये असलेल्या शैलेंद्र मोहन यांनी तिचं दस्तऐवजीकरण केलं. कोरकू, मराठी, हिंदी, सगळ्यांचे शब्द तिच्यात मिसळले आहेत, पण तिचा गाभा जगातल्या कोणत्याही भाषाकुळाशी जुळत नाही. संस्कृत नाही, द्राविडी नाही, मुंडा नाही. लिथुआनियन माझी दूरची बहीण निघाली, आणि माझ्या घरापासून एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर अशी भाषा आहे जिचं या पृथ्वीवर कुणीच नातेवाईक सापडलेलं नाही!

तिच्यात राहणे आणि उरणे एकच आहेत का? घरात राहणारा माणूस आणि टोपल्यात राहिलेली भाकर यांना निहाली माणूस एक क्रियापद लावतो की दोन? आत्ता चाललेलं काम तो कसा सांगतो, शेजारच्या वऱ्हाडीसारखं, कोरकूसारखं की अगदी आपल्या पद्धतीनं? जामोदच्या बाजूला शाळेवर असलेल्या एका ओळखीच्या ताईंशी बोलणं झालं आहे. त्यांच्या वर्गात निहाली घरांतली लेकरं आहेत. दिवाळीची सुट्टी लागायच्या आत या म्हणाल्या, नंतर पोरं मायबापांसोबत कापूस वेचायला जातात. वही घेतली आहे, पहिल्या पानावर प्रश्न लिहून झाले आहेत आणि अजून सुचून राहिले आहेत.